लेथवर न चढलेली रिंग

सकाळी लेथ सुरू करून मी पहिला जॉब लावला, की पाठीमागे बुटांचा आवाज यायचा. वळून बघायची गरज नसे. साहेब लेथखालच्या ट्रेमध्ये हात घालायचे, मूठभर चिप्स उचलायचे, गरम असल्या तरी तळहातावर पसरून बघायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, हे माझं चुकलंय बघा." मग चिप्स परत ट्रेमध्ये टाकून, हात पँटला पुसून आपल्या फाउंड्रीकडे चालू लागायचे. आमच्या कारखान्यात बाकीचे साहेब सकाळी लोकांच्या चुका शोधत फिरायचे. स्वतःची चूक शोधायला दुसऱ्याच्या मशीनखाली वाकणारा हा एकच.

तुम्ही लेथ पाहिला नसेल तर सांगतो. त्यावर धातूचा तुकडा गरगर फिरतो आणि धारदार हत्यार त्याची साल काढत जातं. ती साल म्हणजे चिप्स. फाउंड्रीत धातू वितळवून ओतलेला तुकडा खडबडीत येतो, जरा वाकडाही येतो. म्हणून शिंप्याने कापडात माया ठेवावी तसं ओतकामात चहूबाजूंनी थोडं जास्तीचं ठेवतात आणि माझ्यासारखा टर्नर ते कापून माप आणतो. सगळीकडे हेच चालतं. साहेबांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, धातू एकदा पाण्यासारखा पातळ झाला की सांगाल तो आकार घेतो, मग हवा तोच आकार का सांगू नये? जास्तीचं वितळवायचं, जास्तीचं ओतायचं आणि पुन्हा पगार देऊन ते कापायचं, याला ते सरळ गाढवपणा म्हणायचे. तो पगार माझा होता. पण हे सगळं ते इतक्या सौम्यपणे बोलायचे की माणसाला राग यायला वेळ लागायचा.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची आणि ऐंशीच्या सुरुवातीची. पावण्याला ठाण्याच्या खाडीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमधले लहान लहान कारखाने उभे राहत होते, त्यातलाच आमचा एक. अर्ध्या शेडमध्ये फाउंड्री, अर्ध्यात मशीन शॉप. मी राजापूरकडचा, बायकोला घेऊन वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलेलो. साहेब शेजारच्या खोलीत एकटेच. ते कोल्हापूरचे. माशाचा काटा काढता येत नसे, त्यामुळे आमच्याकडे जेवायला बसले की बायको त्यांना आधी मासा काटे काढून द्यायची. भाकरी मात्र ते आधी उलटीपालटी करून कडेवरून बोट फिरवायचे. "वहिनी, कडेला जाड राहिली बघा," म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा बायकोचा चेहरा पडला. पुढे ती स्वतःच भाकरी वाढताना विचारायला लागली, "पास का?"

कोल्हापूर सोडून हा माणूस इथे खारट हवेत का आला, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. घरची फाउंड्री होती, वाळूच्या साच्यांत ओतणारी. थोरले भाऊ ती चालवायचे. साहेब डिप्लोमा करून तिथेच लागले आणि लागल्या दिवसापासून भावाच्या मागे लागले, की आपण एवढं जास्तीचं ओततो ते कमी करू या. भाऊ म्हणायचे, हे ओतकाम आहे, सोनारकाम नाही. एकदा सगळ्या कामगारांदेखत भाऊ त्यांच्या एका नमुन्याला हसले. कामगारही हसले. साहेब हातातलं टाकून बाहेर पडले आणि फाटकात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "माझ्या हातचा तुकडा लेथवर न चढता गिऱ्हाइकाकडं जाईल, त्या दिवशीच या दारात पाऊल ठेवीन."

आपल्याकडे माणूस रागाच्या भरात दारात उभं राहून काहीतरी बोलून जातो. घरचे दोन दिवसांत विसरतात. बोलणाऱ्याच्या मात्र ते वाक्य मानेवर बसतं. साहेबांच्या बाबतीत तेच झालं. त्यांची बायको तिथल्या शाळेत शिक्षिका होती, कायम नोकरी. मूलबाळ नव्हतं. ती दिरा-जावेबरोबर त्याच घरात राहिली आणि साहेब इकडे आले. दिवाळीला जायचे ते सासुरवाडीला. बायको तिथे यायची. आपल्याच गावात, आपलं घर चार गल्ल्या पलीकडे असताना, हा माणूस चार दिवस पाहुणा म्हणून राहून परत यायचा. येताना गुळाची ढेप आणायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "मजेत हायत सगळी."

रविवारी दुपारी साहेब हायवेला जाऊन उभे राहत. मुंबईहून सुटलेली कोल्हापूरची एसटी खाडीचा पूल ओलांडून तिथून जायची. पाटी वाचता येईल एवढ्या अंतरावर ते उभे असायचे. गाडी गेली की परत फिरायचे. एकदा मी सोबत होतो. चेष्टेत म्हणालो, "साहेब, हात केला तर थांबेल."

"थांबेल की," ते म्हणाले. "म्हणून तर हात खिशात ठेवतो."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. येताना आम्ही कलिंगड घेतलं, ते त्यांनी उचललं.

आता त्यांच्या कामाबद्दल. शेठनी एका मोठ्या सरकारी कारखान्याची ऑर्डर घेतली होती. पंपाच्या आत पाण्याला वळण देणारी तळहाताएवढी पोलादी रिंग, तिच्या पोटात वळलेली पाती. साहेबांनी ठरवलं, हाच तो तुकडा. ही रिंग मेणाच्या पद्धतीने ओतायची. म्हणजे आधी मेणाची हुबेहूब रिंग करायची, तिच्यावर पातळ मातीच्या काल्याचे थर चढवून वाळवायचे, मग तापवून आतलं मेण वितळवून काढून टाकायचं. मागे जे पोकळ कवच उरतं त्यात पोलाद ओतायचं. वाचायला सोपं आहे. पण मेण थंड होताना आक्रसतं, पोलाद थंड होताना आक्रसतं, आणि दोन्ही सगळीकडून सारखी आक्रसत नाहीत. गोल रिंग लंबगोल होऊन बसते. शेठना घाई नव्हती. त्यांना एवढंच कळलं होतं की साहेब जितके अडून राहतील तितकं मशीनिंग, म्हणजे लेथवरचं कापकाम, वाचेल.

मेणाची रिंग साच्यातून काढल्यावर वाकते, हे लक्षात आल्यावर साहेबांनी एक दिवस बाजारातून दगडी पोळपाट आणले. एकदम पोतंभर. प्रत्येक पोळपाटावर मेणाची एक रिंग, वर वजन. मेणाच्या खोलीत गावातल्या बायका कामाला होत्या. त्यातली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "सायेब, आता यावर पोल्या लाटाच्या का?"

"लाटा की," साहेब म्हणाले. "पण सगळ्या एका जाडीच्या."

पोळपाटांनी काम केलं. त्या महिन्यात माझ्या चिप्स निम्म्या झाल्या. मग खाडीच्या दमट हवेची भानगड निघाली. मातीचे थर वेळेत वाळत नसत, कुठे ओले राहत, आणि ओतताना कवच तडकायचं. साहेबांनी कोपऱ्यातल्या एका खोलीच्या खिडक्या बुजवल्या, दाराच्या फटी कापडाने बंद केल्या, आत बल्ब आणि पंखे लावले. कवचं सारखी फिरवत राहावी लागत आणि ते काम ते दुसऱ्यावर टाकत नसत. तासन्‌तास आत. बाहेर यायचे तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झालेला असायचा. आम्ही त्या खोलीला कोठडी म्हणायला लागलो. त्यांनी ते ऐकलं आणि स्वतःही कोठडीच म्हणू लागले. "मिस्त्री, कोठडीत हाय, कुणी आलं तर सांगा." मला तो शब्द त्यांच्या तोंडून आवडत नसे.

वर्षं गेली. रिंगेवर जास्तीचं कमी कमी होत गेलं. आधी माझ्या ट्रेमध्ये वेटोळी पडायची, मग बारीक धागे, मग नुसती भुकटी. मशीन शॉपमधले लोक साहेबांशी तुटक वागू लागले. मीही एकदा स्पष्ट विचारलं, उद्या रिंग तशीच जायला लागली तर मी काय करू? ते म्हणाले, दुसरी कामं भरपूर आहेत, आणि नसतील तर माझ्याबरोबर कोल्हापूरला चला. मी म्हटलं, तिथे तर लेथच नसणार. "मग भाकरी खायला चला," म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं कसं?

आणि एका सकाळी ट्रेमध्ये हात घालायला साहेब आलेच नाहीत. उलट मला फाउंड्रीत बोलावून घेतलं. टेबलावर रिंगा मांडल्या होत्या, नुकत्याच कवच फोडून साफ केलेल्या. मला म्हणाले, मोजा. मी मायक्रोमीटर लावला, फिरवून पुन्हा लावला. एकीकडून, दुसरीकडून, कडेला. सगळ्या मापात. माझ्यासाठी त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. टर्नर म्हणून मला धस्स व्हायला हवं होतं, पण मी त्यांचा हात धरून जोरजोरात हलवला. त्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, सामान बांधायला घेतो.

सरकारी कारखान्याचा इन्स्पेक्टर तपासणीला आला. तरुण, नीटनेटका, बोलायला चांगला. त्याने मापं घेतली, मान डोलावली. मग रिंगेच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि ड्रॉइंग उघडलं. म्हणाला, माप बरोबर आहे, पण मशीनिंग कुठे आहे? ड्रॉइंगमध्ये त्या तोंडावर त्रिकोणी खुणा होत्या. तिथे हत्यार फिरलं पाहिजे, असा त्या खुणांचा अर्थ. साहेबांनी विचारलं, माप आलं असेल तर हत्यार कशाला फिरवायचं? तो म्हणाला, ते मला पटतंय हो, पण मी हत्याराच्या खुणा नसलेला माल पास केला तर माझी खुर्ची जाईल. दोघंही खोटं बोलत नव्हते. रिंगा परत ठेवल्या गेल्या.

आता कापायचं म्हटलं तर कापायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. हत्यार लावलं की माप गेलं. शेठ डोकं धरून बसले. तेव्हा तोड मी काढली. एक रिंग लेथवर चढवली, फिरवली आणि तिच्या तोंडाला एमरी कापडाचा, म्हणजे पॉलिश पेपरसारख्या खरखरीत कापडाचा, तुकडा हलकेच टेकवला. धातू गेला नाही, पण बारीक गोल रेषा उमटल्या, हुबेहूब हत्याराच्या. पुढच्या तपासणीला इन्स्पेक्टरने अंगठा फिरवला आणि माल पास केला. शेठनी पेढे वाटले. साहेबांना दोन दिले आणि म्हणाले, "झालं तुमचं काम, आता जावा बिनधास्त गावाला."

साहेबांनी पेढे माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "चढली की लेथवर."

मी समजावलं, शेठनी समजावलं, मेणाच्या खोलीतल्या बायकांनीसुद्धा समजावलं. कापलं कुठे? नुसतं पुसलं. पण साहेब ऐकेनात. दारात उभं राहून बोललेलं वाक्य त्यांना अक्षरशः पाठ होतं आणि त्यात "न कापता" नव्हतं, "न चढता" होतं. त्यांनी शेठच्या सहीने सरकारी कारखान्याकडे ड्रॉइंगमधल्या खुणा काढायची मागणी केली आणि उत्तराची वाट बघत बसले. कोठडीत जायचं आता कारण नव्हतं, कवचं फिरवायला माणसं तयार झाली होती. तरी ते जाऊन बसत. एक दिवाळी अशी गेली. दुसरी गेली. मी रिंगा चढवत होतो, एमरी टेकवत होतो, आणि ते माझ्या लेथसमोरून जाताना मान वळवून दुसरीकडे बघत होते. सगळ्या अडचणी सोडवलेला माणूस असा अडकून पडलेला मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा संताप यायचा. खरं सांगायचं तर मनातून मी त्यांना दोनचार शिव्याही घातल्या.

मग त्यांची बायको आली. न कळवता. उंच, सावळी, शाळेत मुलं वचकून असतील अशी. रात्रीचं जेवण आमच्याकडेच केलं. जेवताना सगळं हवापाण्याचं बोलणं झालं, तिने माझ्या बायकोला मसाल्याची पुडी दिली. हात धुऊन झाल्यावर मात्र ती आमच्यासमोरच त्यांच्याशी बोलली. बहुधा साक्षीदार हवे होते.

"थोरल्या भावोजींना झटका आला," ती म्हणाली. "एक बाजू गेलीय. बोलता येत नाही धड. फाउंड्री बंद पडल्यात जमा हाय."

साहेबांनी विचारलं, कधी? तिने सांगितलं. मधे बरेच दिवस गेले होते. तेव्हा कळवलं नाही, म्हणाली, कारण भावोजींनी खुणेने नको म्हटलं.

"ड्रॉइंग बदलून येतंय एवढ्यात," साहेब म्हणाले. "आलं की त्याच दिवशी निघतो. दादाला रिंग दाखवतो."

"दार वाजलं की ते तिकडं बघतात," ती म्हणाली. "त्यांना रिंग बघायची नाही ओ. तुम्हाला बघायचंय."

माझी बायको आत निघून गेली. ती बाई उठली, पदर खोचला आणि इतक्या शांतपणे बोलली की मला अजून तो स्वर आठवतो. "मी आता बोलवायला येणार नाही. यायचं तर या." दुसऱ्या दिवशी ती एकटीच परत गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी इन्स्पेक्टर आला. तयार माल बघून झाल्यावर जाता जाता त्याने साहेबांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. म्हणाला, तुमची मागणी वरून नाकारली आहे, जुनंच ड्रॉइंग राहणार, पुन्हा विचारू नका असंही सांगितलंय. त्याला खरंच वाईट वाटत होतं. साहेबांनी त्याचे आभार मानले, त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडणार तेवढ्यात साहेब माझ्या लेथपाशी आले. बाजूला नव्या रिंगांचा ढीग होता, त्या दिवशी जायच्या होत्या. त्यांनी बाह्या दुमडल्या, एक रिंग घेतली आणि लेथच्या पकडीत, चकमध्ये धरली. मी पुढे झालो तर मला हाताने थांबवलं. मशीन सुरू केलं आणि एमरी टेकवली. पहिल्याच रिंगेला रेषा वाकडी आली, म्हणून पुसून पुन्हा केली. मग एकामागून एक सगळा ढीग. मशीन शॉपमधले बाकीचे लोक हातात डबे घेऊन उभे होते, पण जेवायला कुणी बसलं नाही. फाटकात उभं राहून केलेली प्रतिज्ञा हा माणूस स्वतःच्या हातांनी, एकेका रिंगेसरशी मोडत होता आणि ती मोडतानाही रेषा सारख्या याव्यात म्हणून धडपडत होता. मला ते बघवत नव्हतं आणि डोळे हलत नव्हते.

शेवटची रिंग काढल्यावर त्यांनी मशीन बंद केलं, हात साबणाने नीट धुतले. शेठच्या केबिनमध्ये जाऊन आले. माल घेऊन टेंपो पुण्याला निघत होता, त्यात ड्रायव्हरशेजारी बसले. खोलीवरचं सामान नंतर पाठवा म्हणाले. टेंपो सुरू झाला तसा मी खिडकीशी गेलो. तेच वाकून हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तिकडनं कुणी विचारलंच, तर लेथवर चढली म्हणून सांगू नका."

मी हो म्हटलं. कोल्हापूरहून पावण्याच्या त्या शेडमध्ये मला विचारायला कोण येणार होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या दिवशीचा माल पोचल्यावर इन्स्पेक्टरने शेठकडे निरोप पाठवला, की या खेपेचं मशीनिंग आजवरचं सगळ्यात चांगलं आहे, टर्नरला शाबासकी द्या. शेठनी ती मला दिली. मी घेतली. साहेबांना हे कधी कळवलं नाही.

नंतर एवढंच कानावर आलं, की ते घरी गेले तेव्हा थोरले भाऊ जिवंत होते. पुढे त्या दोघांत काय झालं, भावाने काय विचारलं, यांनी काय सांगितलं, ते मला माहीत नाही. मी त्या रिंगांवर रेषा ओढतच राहिलो, कारखाना बंद होईपर्यंत.

इतक्या वर्षांत मला विचारायला कुणी आलं नाही. कुणी आलंच असतं, अगदी थोरल्या भावाला उचलून माझ्या लेथसमोर आणून बसवलं असतं, तरी मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं, की नाही, तुमच्या भावाची रिंग लेथवर चढली नाही. आणि ते खोटं आहे असं मला आजही वाटत नाही.